फोन धरायला माणूस

त्याच्या तीन पायांचे आता तीन स्वभाव झाले आहेत. एकाची क्लिप इतकी घट्ट की उघडताना अंगठ्यावर वळ उठतो. दुसऱ्याची सैल, म्हणून तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिसऱ्याच्या खालच्या नळीत तांबडी माती जाऊन बसली आहे. तो पाय ओढला की खरखरतो आणि शेवटची चार बोटं बाहेर यायला तयार नसतो. बुडाचं एक रबर वरंध घाटाच्या वाटेवर कुठेतरी गळून पडलं, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेनं आवळला आहे. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, मूळचा काळा रंग कडांवरून उडालेला. मानेजवळ लेव्हलचा हिरवा बुडबुडा आणि डोक्यावर फोन आवळून धरणारा स्प्रिंगचा चिमटा. घडी केली की हातभर, पूर्ण उघडला की माझ्या कपाळाला लागतो. महाडच्या बाजारात त्याला सगळे स्टँड म्हणतात.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतले दुकानदार, बचत गट, घरगुती खाणावळी, रायगडाच्या पायथ्याशी पर्यटकांना राहायला घर देणारी कुटुंबं आणि स्वतःचं चॅनेल चालवणारी मुलंमुली यांच्यासाठी व्हिडिओ करणं हा माझा व्यवसाय. महिन्याच्या ठरलेल्या रील, स्टोरी, सणाची पोस्ट, कॅप्शन, कधी नुसते फोटो. या धंद्यातली बाकीची मंडळी नाजूक आहेत. रिंगलाइटला वीज लागते, आणि आतल्या गावांत पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. गिंबलला पाणी सोसत नाही. कॉलर माइकची बॅटरी ऐन वेळी मान टाकते. फोन दर काही वर्षांनी बदलावा लागतो. हा मात्र एसटीच्या सीटखाली आडवा पडून कुठेही येतो. भिजला तर पुसायचा, नळ्या उलट्या करून पाणी काढायचं, उन्हात ठेवायचा. त्याला चार्जिंग लागत नाही.

तीन पाय उघडून कुणी रस्त्याकडेला काही मांडलं की इथल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा मोजणी येते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणानं लोकांना हे शिकवलं. किती वर्षं माणसं अशीच तीन पायांवर दुर्बीण ठेवून यायची, एक डोळा मिटून बघायची, वहीत काही लिहून निघून जायची. मग कुणाच्या अंगणात खुंट ठोकला जायचा, कुणाच्या आंब्याच्या बुंध्यावर रंगाची खूण उमटायची. त्यामुळे पोलादपूरच्या अलीकडे चहाच्या टपरीसमोर मी स्टँड उभा केला की कुणीतरी आजोबा काठी टेकत येतात. "काय ताई, परत मोजणी निघाली काय?"

हा संशय मला रास्त वाटतो. म्हणून माझा एक शिरस्ता आहे. फोन चिमट्यात बसवला की आधी समोरच्या माणसाला स्टँडच्या मागे बोलवायचं आणि फोनला काय दिसतंय ते त्यांच्या डोळ्यांनी बघू द्यायचं. पडद्यावर आपलीच किटली, आपलाच बाक, मागे आपलाच डोंगर दिसला की आजोबांच्या कपाळावरची आठी सुटते. बऱ्याचदा ते सुचवतातही: ती फाटकी ताडपत्री दिसतेय, जरा इकडे फिरवा. त्यांचं बहुतेक बरोबर असतं. आपली जागा कुठून चांगली दिसते हे तिथे आयुष्य काढलेल्या माणसाइतकं मला कसं कळणार?

पोलादपूर तालुक्यात सपाट जागा शोधावी लागते. घरं उतारावर, अंगणं उतारावर, शेतं पायऱ्यांची. अशा ठिकाणी चार पायांचं टेबल डुगडुगतं. तीन टेकू मात्र कसल्याही जमिनीवर नेमके टेकतात. चुलीला तीन दगड असतात ते त्यासाठीच. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला टाकायचे, एक वरच्या, आणि वरचा पाय आखूड करायचा. मधल्या दांड्याच्या टोकाला एक हूक आहे, त्याला पिशवीत दगड भरून टांगायचे म्हणजे घाटावरचा वारा त्याला पाडत नाही. हे सगळं जमलं की हिरवा बुडबुडा मधल्या गोलात येऊन थांबतो. तो थांबला की तिथून पुढे याचं काम एकच: हलायचं नाही.

पण त्याची खरी किंमत मला या वाड्यांवरच्या दुपारी कळली. दुपारी वाडीत फिरलं तर म्हातारी माणसं भेटतात, सुना भेटतात, शाळा सुटल्यावर पोरं भेटतात. मधल्या वयाचे पुरुष मुंबईला. गिरण्या चालू होत्या तेव्हा ते लालबाग-परळच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहायचे, आता दिवा, नालासोपारा, विरार. त्यांच्यामागे बारावी झालेली मुलंही जातात, आणि आता मुलीही. घराला कुलूप लागतं ते गणपती आणि शिमग्याला उघडतं. अशा वाडीत एखाद्या बाईला आपल्या हातची वस्तू जगाला दाखवायची असेल तर पहिली अडचण कोणती? पीठ आहे, हात आहेत, फोनही आहे. फोन धरायला माणूस नाही.

नाचणीचे पापड करणाऱ्या एका बचत गटातल्या काकी मला हेच सांगत होत्या. पुतण्या मे महिन्याच्या सुटीत यायचा तेव्हा काय ते व्हिडिओ व्हायचे. त्याचा हात दुखायचा, त्याला नदीवर जायची घाई असायची, तो म्हणायचा, "काकी, लवकर लवकर लाट." तो गेल्यावर त्यांनी फोन तांब्याला टेकवून बघितला. तो घसरला आणि पुढचा सगळा वेळ छपराची कौलं चित्रित करत बसला. मग नाद सोडला. मी पहिल्यांदा त्यांच्या पडवीत स्टँड मांडला तेव्हा त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "ह्यो बरा हाय. च्या मागत न्हाय, बसची घाई न्हाय."

शहरात स्टँड उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावतात. इथलं निम्मं काम जमिनीवर बसून होतं: लाटणं, निवडणं, विळीवर चिरणं, सूप पाखडणं. वरून घेतलं तर बाईचा भांग दिसतो, हात दिसत नाहीत, आणि बघणारा आपोआप तिच्यावर उभा राहिल्यासारखा होतो. म्हणून याचे तिन्ही पाय पूर्ण आत घ्यायचे, मधला दांडा खाली करायचा आणि त्याला बायकांच्या ओळीत बसवायचं. बसलेल्या माणसाचं काम बसूनच बघायचं. कॅमेऱ्याच्या उंचीचा हा निर्णय कोणत्याही फिल्टरपेक्षा, कोणत्याही चाललेल्या गाण्यापेक्षा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

तिथून पुढची कारागिरी सांगते, कारण ती लोकांना वाटते तितकी सोपी नाही. रील उभी असते, नऊ बाय सोळाची. पडद्याचा खालचा भाग नाव आणि कॅप्शन खातो, उजवी कड बटणं खातात. म्हणून हात आणि पापड मधोमध, थोडे वरच घ्यायचे. सुरुवात "नमस्कार मित्रांनो" अशी केली की बघणाऱ्याचा अंगठा पुढे सरकतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत काहीतरी घडायला हवं. नाचणीच्या उकडीचा गरम गोळा परातीत पडतो, तेलाचा हात त्याच्यावर बसतो, वाफ उठते; इथून सुरू करायचं. बोलणं नंतर. पुष्कळ लोक लोकलमध्ये, ऑफिसात, आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मराठीत ठळक ओळ हवी, आणि त्या ओळीत वाडीचं, गावाचं नाव हवं.

गावाच्या नावावर माझा फार भर असतो. "घरगुती पापड" लिहिलं तर ते महाराष्ट्रातल्या हजार घरांचे होतात. वाडीचं नाव लिहिलं की डोंबिवलीत बसलेला कुणीतरी थांबतो. तो पापड बघत नाही. मागची पडवी बघतो, कोनाडा बघतो, ही कुणाची सून ते ओळखतो आणि आपल्या वाडीच्या ग्रुपवर पाठवतो. त्या ग्रुपवरून ऑर्डर येते. लाखो व्ह्यूजची भाषा करणाऱ्यांना हे लहान वाटेल. मला तसं वाटत नाही. गावाबाहेर पडलेल्या माणसांची ही एवढी मोठी वस्ती मुंबईच्या उपनगरांत आहे, तिला गावच्या चवीचीही ओढ आहे आणि गावच्या दर्शनाचीही, आणि तिच्यापर्यंत पोचायला एका बाईला आता कुणाच्या मध्यस्थीची गरज उरलेली नाही.

आणि हे पोचणं हलण्यातून येत नाही. मुंबईहून येणारे काही जण फोन हातात घेऊन सारखे फिरत राहतात, दर सेकंदाला कोन बदलतात. स्टँडवरचा फोन एका जागी थांबतो, म्हणून समोरचं माणूस हळूहळू त्याला विसरतं. पहिली दहा मिनिटं काकींचा पदर सारखा सावरला जातो, बोलणं पुस्तकी होतं. मग शेजारीण येते, एक लाटी उचलते, कुणाच्या तरी लग्नाचा विषय निघतो, आणि लाटण्याला लय येते. तेव्हाचे वीस सेकंद मला हवे असतात. ते मागून मिळत नाहीत. तोपर्यंत तो उभा असतो, मी चुलीजवळ बसलेली असते.

जून २०२० आठवतो. ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. ठिकठिकाणी झाडं उन्मळली, विजेचे खांब आडवे झाले, कौलं उडाली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला टिकटॉकवर बंदी आली. गावोगावची कितीतरी पोरं तिथे नावाजलेली होती. शेतात नाचणारी, सासूसुनेची भांडणं करून दाखवणारी. एका रात्रीत त्यांचे चाहते गेले. जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील आणली आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगते: दुसऱ्याच्या अ‍ॅपवर घर बांधा, पण मूळ व्हिडिओ आपल्याकडे जपा आणि गिऱ्हाइकांचे नंबर आपल्या वहीत लिहा.

महाड शहरात स्टँडचं वागणं वेगळं. तिथे तो दुकानाच्या कोपऱ्यात उभा राहतो. दुकानदार बहुतेक वेळा एकच मागतात: "व्हायरल होईल असं करा." कुणाला चालू गाण्यावर नोकरांना नाचवायचं असतं. मी विचारते, तुमच्या दुकानात असं काय आहे जे इथल्याच माणसाला कळेल? एका दुकानात उत्तर भिंतीवर होतं. २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ.

सावित्री आणि गांधारीच्या पाण्याची महाडला सवय आहे. खाडीला भरती असली की नदीचं पाणी उतरत नाही, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. पण त्या दिवशीचं पाणी सवयीच्या पलीकडचं होतं. बाजारपेठ बुडाली, कितीतरी तळमजले पूर्ण गेले, आणि पाणी ओसरल्यावर दुकानांत चिखलाखेरीज काही उरलं नाही. त्या दुकानात रेघ पुसलेली नव्हती. मालक दर जूनला तिच्याकडे बघून माल वर हलवतात: कुठला गठ्ठा माळ्यावर, कुठला शेजाऱ्याच्या पहिल्या मजल्यावर, वजनकाटा कुठे, हिशेबाच्या वह्या कुठे. आम्ही एवढंच चित्रित केलं. स्टँड रेघेच्या उंचीवर उघडला आणि मालक त्याच्यासमोरून गठ्ठे नेत राहिले. शेवटी ते म्हणाले की पाऊस संपेपर्यंत गिऱ्हाइकानं वस्तू मागितली तर वरून काढायला थोडा वेळ लागेल, समजून घ्या. दर, सवलत, ऑफर, काही नाही. ती रील महाडच्या माणसांनी महाडच्या माणसांना पाठवली, कारण तशी रेघ ज्याच्या त्याच्या घरात आहे. धंद्याची ओळख, ज्याला कंपन्या ब्रँड म्हणतात, ती अशीच तयार होते यावर माझा विश्वास आहे: दुकानानं गावाबरोबर काय सोसलं त्यातून.

काही जागी मी त्याचे पाय उघडत नाही. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीलाही त्याच दिवशी दरडी कोसळल्या. पावसाळ्यात त्या डोंगरांवर ढग उतरतात, हिरवळ चढते, आणि बाहेरून आलेल्या क्रिएटर मंडळींना तिथलं "लोकेशन" हवं असतं. मी ते काम घेत नाही. काठावरच्या धबधब्यांचंही घेत नाही. जुलै २०२४ मध्ये शेजारच्या माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ व्हिडिओसाठी आलेली मुंबईची एक तरुणी दरीत पडून गेली. तिला वर आणायला गावातले आणि बचाव पथकांतले किती हात लागले हे इथे सगळ्यांना माहीत आहे. निसरड्या खडकावर तीन पाय टेकत नाहीत, तिथे दोन पायांनी उभं राहण्यात शहाणपण नाही.

रायगडावर न्यायचा तर आधी परवानगी. गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि संरक्षित वास्तूत स्टँड लावून चित्रण करायचं तर ती घ्यावीच लागते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात रायगड आहे आणि पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की लागणारा प्रतापगडही आहे. माझी कामं यापुढे बहुधा पायथ्याचीच वाढतील. पाचाडची घरं, हिरकणीवाडीचं जेवण, ताकाचं मडकं घेऊन बसणाऱ्या बायका. गडाचे व्हिडिओ पुष्कळ झाले. गडाखाली राहणाऱ्या माणसांचे कमी आहेत.

आणि २० मार्चला चवदार तळ्यावर तो घडी घालून माझ्या खांद्यावर असतो. लाखोंची रांग पुढे सरकत असते, तिच्या वाटेत तीन पाय पसरणं बरं नव्हे. त्या गर्दीत चालताना मला नेहमी एक तारीख आठवते. सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ ला, आणि ३ एप्रिलला बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' पाक्षिक सुरू केलं. मधे फक्त चौदा दिवस. महाडला काय घडलं ते दुसऱ्याच्या छापखान्याच्या मर्जीवर सोडायचं नाही, आपली हकीकत आपल्या पत्रात आपण मांडायची, ही निकड त्या चौदा दिवसांत आहे. माझ्या कामाची त्याच्याशी बरोबरी करायचा विचारही मनात येत नाही. पण ज्याचं जगणं त्यानंच सांगावं ही गोष्ट याच गावाच्या निमित्तानं इतक्या मोठ्या माणसानं करून दाखवली, आणि त्या गावात मी लोकांना फोन कुठे ठेवायचा ते शिकवते, याचं मोल मला जाणवतं.

पैशाचंही सांगायला हवं. कुणी पैसे किंवा माल देऊन व्हिडिओ करून घेतला तर तो जाहिरात आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये तसे नियम केले, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या. मी "जाहिरात" हा शब्द पहिल्याच ओळीत मराठीत टाकते. काही क्रिएटर मुलं कुरकुरतात की त्यानं रीच कमी होतो. होऊ दे. खाण्याच्या वस्तूवर अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक नसेल तर स्टँड पिशवीतून बाहेर निघत नाही.

पापडवाल्या काकींकडे मात्र माझं जाणं आता कमी झालं आहे. त्यांच्या गटानं पापडांच्या पैशातून महाडहून स्वतःचा स्टँड आणला. नवा, काळा कुळकुळीत, रबरं तिन्ही जागेवर. गेल्या श्रावणात मी तांदळाच्या पिठीच्या व्हिडिओसाठी गेले, गणपतीच्या ऑर्डर त्याच सुमाराला येतात. माझा जुना मी दाराजवळ टेकवून ठेवला, कारण त्यांचा आधीच उभा होता. उकड काढायची होती. मी म्हटलं, वाफ येतेय तोच क्षण धरू, फोन पातेल्याच्या जवळ घेऊ.

"जवळ घेतला तर काचंला वाफ धरंल," काकी म्हणाल्या. "काल बगितला मी करून. खिडकीकडनं घेऊ, वारा आपल्याकडनं जातोय, वाफ तिकडं जाईल." आणि शाळेतून आलेल्या नातीला हाक मारली, "अगं, तो मागला पाय जरा आखूड कर. पडवीला चढ हाय तिकडं."

नातीनं क्लिप उघडली, पाय दोन बोटं आत ढकलला, वाकून बुडबुडा बघितला आणि मला विचारलं, "मावशी, कॅप्शनमध्ये किलोचा भाव टाकायचा की व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा म्हणायचं?"

"भाव टाक," मी सांगायच्या आत काकीच बोलल्या. "इचारायला लाजतात लोक."